सगळ्यांचा मामा

मराठीत ‘मामा’ ह्या शब्दाचे मोठे हाल आहेत. आईचा भाऊ हा त्याचा मूळ अर्थ. पण आकाशातला चांदोबाही मामा, चौकातला हवालदारही मामा, शाळेत घंटा बडविणारा शिपाईही मामा; आणि ज्याला कोणीही यावे नि गंडवून जावे, तोही मामाच. ‘त्याने मला चांगलेच मामा बनविले’ असे म्हणताना आईच्या भावाला आपण कुठे नेऊन बसविले, ह्याचा विचार कोणी करीत नाही. वाक्प्रचार शिकविताना मी हा एवढा एक वगळतो. मुलांना वाटते, सरांना तो ग्राम्य वाटत असावा. कारण निराळे आहे. माझ्या एका मित्राला सारे गाव मामा म्हणत असे, आणि त्याला हे दोन्ही अर्थ लागू पडतात, अशी माझी वर्षानुवर्षे समजूत होती.

२०२३ साली अधिक श्रावण आला होता. तो सरला आणि निज श्रावणात मामा गेला. त्यानंतर ह्या सदरात मी पावसावर लिहिले, परीक्षांवर लिहिले, शेजाऱ्याच्या कुत्र्यावरदेखील लिहिले. मामावर लिहावयाला हात धजला नाही. आता दिवाळी अंकाचा मजकूर मागणारे पत्र आले तेव्हा मी घरात म्हणालो, ‘यंदा मामावर लिहितो.’ सौभाग्यवती म्हणाली, ‘सणासुदीला?’ आक्षेप रास्त होता. पण मामाची स्वतःची निम्म्याहून अधिक दिवाळी रेल्वेच्या डब्यात गेली; सणाचे त्याला फारसे सोयरसुतक नव्हतेच. तेव्हा चकलीचा तुकडा मोडता मोडता वाचकांनी हे वाचले, तर त्याची हरकत असणार नाही.

आमचे गाव गंगाखेड. परभणीहून चाळीसेक किलोमीटरवर, गोदावरीच्या काठी. महाराष्ट्राला ते जनाबाईचे गाव म्हणून ठाऊक आहे. आसपासच्या मुलखाला ते अस्थी सोडण्याचे गाव म्हणून ठाऊक आहे. आमच्या लहानपणी एस.टी.तून उतरणाऱ्या माणसाच्या हातात फडक्यात बांधलेले गाडगे दिसले, की तो विचारण्याच्या आत आम्ही पोरे घाटाची दिशा दाखवून मोकळी होत असू. मामा मात्र दिशा दाखवून थांबत नसे. त्याच्या वडिलांचे भाड्याच्या सायकलींचे दुकान होते. तो एखादी सायकल ओढून काढी, म्हाताऱ्याला मागे कॅरिअरवर बसवी आणि घाटापर्यंत सोडून येई. परत आला की तासाचे भाडे बुडविल्याबद्दल वडिलांची थप्पड खाई. थप्पड खाऊन गाल चोळीत बाहेर येणारा मामा ही माझी त्याच्याविषयीची सर्वांत जुनी आठवण.

मामा हे नाव त्याला पडले तेव्हा आम्ही तिसरीत होतो. आळीतल्या मुलींनी बाहुलीचे लग्न काढले होते. नवरदेवाचा बाप व्हायला आम्ही सगळे तयार होतो, भटजी व्हायला तर भांडणे झाली. पण मुलीचा मामा व्हायला कोणी तयार होईना. कारण मुलीमागे उभे राहण्याचे काम फुकटचे नसते, आहेर करावा लागतो, हे आठ वर्षांच्या पोरांनाही पक्के ठाऊक होते. हा उभा राहिला. आहेर म्हणून त्याने दुकानातल्या नव्या सायकलीची घंटी काढून आणली होती. लग्न थाटात पार पडले. बाहुलीकडचा आहेर पाहून नवरदेवाकडची मंडळी गप्प झाली. घंटी परत मिळविण्यासाठी मामाचे वडील संध्याकाळी आळीत आले तेव्हा त्या मुलींनी ती देण्यास साफ नकार दिला. त्या दिवसापासून तो मामा झाला. त्याचे पाळण्यातले नाव पुढे फक्त शाळेच्या हजेरीत आणि मतदार यादीत उरले.

दहावीनंतर तो दुकानात बसला. मी शिकत राहिलो. १९९९ साली एम.ए.साठी औरंगाबादला विद्यापीठात जायचे ठरले, तेव्हा खोली मिळाली ती विद्यापीठापासून लांब. मामा म्हणाला, ‘एक काम करतोस का माझं? ही बावीस इंची सायकल दुकानात नुसती उभी राहून गंजायली. चाकं फिरती राहिली तर टिकंल तरी. तू घेऊन जा, वापर, न् सुट्टीत आणून दाखवीत जा.’ मी थोडे आढेवेढे घेतले. एवढी जोखीम आपण कशाला घ्या, असा माझा भाव होता. अखेर मित्राचे काम म्हणून मी ती एस.टी.च्या टपावर चढविली आणि दोन वर्षे औरंगाबादच्या चढउतारांवर पिदडली. परत केली तेव्हा तिचा मडगार्ड कुठे नि साखळी कुठे अशी अवस्था होती. ‘चांगली ठेवलीस की,’ असे म्हणून त्याने ती उलटी करून दुरुस्तीला घेतली.

वाचकहो, मराठी साहित्यातल्या ध्वन्यर्थाची मी आज वीस-बावीस वर्षे उकल करीत आलो आहे. पण त्या वाक्यातला ध्वन्यर्थ उलगडायला मला पस्तिशी उलटावी लागली. भाड्याची सायकल उभी राहून गंजत नसते, ती कमाई करीत असते. दिवसाला दहा रुपये धरले तरी दोन वर्षांचे सात हजारांच्या वर जातात. ते सात हजार रुपये मी घेतले, आणि वर उपकार केल्याच्या थाटात घेतले. मामाची देण्याची तऱ्हाच तशी होती. घेणाऱ्याला आपण काही घेतले हे कळूच नये, जमल्यास आपणच काही दिले असे वाटावे, इतका तो काटेकोर होता. मी त्याला भोळेपणा समजत होतो.

‘बनी तो बनी, नहीं तो परभनी’ ही आमच्याकडची जुनी म्हण. तिला जागून मीही इकडेतिकडे अर्ज करून, तासिका तत्त्वावर वणवण करून शेवटी परभणीच्या एका महाविद्यालयात स्थिरावलो. इकडे गावात सायकली भाड्याने नेणारे कमी होत गेले. घरोघर मोटारसायकली आल्या. मामाच्या दुकानात पंक्चर, हवा आणि किरकोळ सुटे भाग एवढेच उरले. खरे घर चालत होते ते वहिनींच्या शिलाई यंत्रावर. हे मी आज लिहितो आहे. तेव्हा माझ्या ते ध्यानातही आले नव्हते.

२००४ साली मामाच्या वडिलांना तोंडाचा कर्करोग झाला. साऱ्या हयातभर गालात तंबाखूचा विडा होता. त्यांना घेऊन मामा प्रथम परळच्या टाटा रुग्णालयात गेला आणि पहिल्या खेपेला हात हलवीत परत आला. गावाकडच्या डॉक्टरांनी तपासलेल्या गाठीच्या काचपट्ट्या आणि मेणाचा ठोकळा बरोबर न्यायचा असतो, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. दुसऱ्या खेपेला तो ते घेऊन गेला. फाईल कुठे निघते, ‘जनरल’ म्हणजे काय नि ‘प्रायव्हेट’ म्हणजे काय, रक्त कुठे द्यायचे, अहवाल कोणत्या वेळी मागायचा, दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळण्यासाठी काय काय कागद लागतात आणि तिथे जागा नसेल तर आणखी कुठे विचारायचे, हे तो अकरा महिने शिकला. मग वडील गेले. वडील गेले आणि ही सारी विद्या त्याच्यापाशी शिल्लक राहिली.

पुढच्याच वर्षी शेजारचा एक शिंपी आपल्या बायकोचे कागद घेऊन दुकानात आला. तिला घेऊन मामा गेला. मग धारखेडच्या बाजूचा कोणी, मग पालम तालुक्यातला कोणी. बोलता बोलता असे झाले, की त्या पट्ट्यात कोणाच्या गालात, घशात, छातीत गाठ सापडली की डॉक्टरांच्या खालोखाल मामाचा शोध सुरू होई. महिन्यातून एकदा, कधी दोनदा, तो संध्याकाळी रोग्याला घेऊन परभणीला येई आणि रात्रीची देवगिरी पकडी. सकाळी दादर. परभणीच्या फलाटावर डबा घेऊन जाण्याचे काम माझे. पिठले, भाकरी, तिखट न घातलेले वरण आणि ज्याला गिळता येत नाही त्याच्यासाठी पातळ पेज. आमच्या घरी पेज शिजू लागली की मुले विचारीत, ‘आज मामा येणार का?’

एकदा मी त्याला विचारले, ‘तू तिथे नेमके करतोस काय? डॉक्टर तू नाहीस, पैसेवाला तू नाहीस.’

‘अरे, मुंबईत आपलं माणूस दुखण्यानं दमत नाही, खिडक्यांनी दमतंय. ही खिडकी न्हवं, ती खिडकी. ती उघडायला दोन तास. मी नुसता कोणती खिडकी ते सांगतो.’

नुसते तेवढेच नव्हते. एकदा फलाटावर मी लवकर पोचलो. बाकावर मामा नि एक म्हातारे शेतकरी बसले होते. पलीकडे पोते अंथरून त्यांची बायको आडवी झाली होती. मामा नोटांची एक पुडी म्हाताऱ्याच्या कोपरीच्या आतल्या खिशात घालीत होता आणि म्हणत होता, ‘आबा, हे तुमच्याजवळ राहू द्या. मुंबईच्या गर्दीत माझा खिसा कापला जातो. खिडकीवर मागतील तेव्हा तुम्हीच काढून द्या.’ म्हाताऱ्याने गंभीरपणे मान डोलावली आणि खिशावर हात ठेवला. आता जबाबदारी त्यांची झाली होती. बाईंनी ते सारे पाहिले. उद्या मुंबईत खिडकीवर पैसे आपला नवरा मोजणार आहे, हे तिने पाहून ठेवले.

गाडी यायला वेळ होता. मी मामाला बाजूला घेऊन म्हटले, ‘काय रे, मुंबईत तुझा खिसा आजवर किती वेळा कापला गेला?’

‘एकदाबी नाही,’ मामा म्हणाला आणि चहा आणायला गेला.

तिकिटाचे पैसे मात्र तो घेई. स्वतःच्या तिकिटाचेसुद्धा. ज्याला देणे शक्य आहे त्याच्याकडून तर नक्कीच. ‘तिकीट तुमचं, चहा माझा’ असा त्याचा करार असे. सगळेच फुकट केले तर माणूस पुढच्या खेपेला बोलवायला लाजतो आणि औषध अर्धे सोडतो, हे त्याचे निरीक्षण होते. २०१३ च्या अखेरीस राजीव गांधी जीवनदायी योजना आपल्या जिल्ह्यालाही लागू झाली (पुढे २०१७ साली ती महात्मा फुले ह्यांच्या नावाने झाली), तेव्हा मामाचे पैशाचे ओझे हलके झाले आणि कागदांचे वाढले. पिवळी शिधापत्रिका, केशरी शिधापत्रिका, नावातली वेलांटी, आधारातली जन्मतारीख. शिधापत्रिकेवर ‘शेवंताबाई’ आणि आधारावर ‘शेवंता’ असली की मामा तहसील कचेरीत दोन दिवस बसे. मराठीच्या प्राध्यापकाला वेलांटीचे महत्त्व त्याने शिकविले म्हणावयास हरकत नाही. औरंगाबादला शासकीय कर्करोग रुग्णालय झाल्यावर पुष्कळांना तो तिकडेच नेऊ लागला. रात्रीचा प्रवास वाचला, भाडे वाचले.

आता फसवणुकीची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय मामाचे चित्र पुरे होणार नाही, आणि माझेही. २०११ साली एका तरुणाने आईच्या शस्त्रक्रियेसाठी म्हणून मामाकडून पंधरा हजार रुपये नेले. आई ठणठणीत होती. महिन्याभराने तोच तरुण जुन्या बाजारातली मोटारसायकल घेऊन मामाच्या दुकानापुढे उभा राहिला. कशासाठी? चाकात हवा भरायला! मी योगायोगाने तिथेच बसलो होतो. मामाने मुकाट्याने हवा भरली, दोन्ही चाकांत भरली, पैसेही घेतले नाहीत. गाडी गेल्यावर मी आगपाखड केली. म्हटले, ‘तुला लोक नुसते नावाने मामा म्हणत नाहीत. तुला मामा बनवितात.’

‘मला ठाऊक होतं की.’

‘काय ठाऊक होते?’

‘माय धडधाकट हाय ते. परवाच शेतात कापूस येचताना बघितली होती. पण त्याला कोणी पोरगी देईना गेलं. गाडी बघून सोयरीक जमली आता.’

‘मग तुला तसे सांगून त्याने मागायचे होते.’

‘गाडीसाठी पैसे दे म्हणून मागायला तोंड होत नाही रे माणसाला. दुखण्यासाठी होतं.’

ह्यावर काय बोलावे? मला राग आला होता आणि तो तसाच राहिला. आजही माझा पूर्ण समेट झालेला नाही. त्या पंधरा हजारांत एखाद्या खऱ्या रोग्याच्या चार खेपा झाल्या असत्या, हे गणित काही खोटे नव्हे. पण तो भोळा नव्हता, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. तो डोळे उघडे ठेवून फसत होता.

उदार माणसाच्या घरात कोणी तरी एक कंजूष असावे लागते. नाही तर ती उदारता वर्षभरही टिकत नाही. मामाच्या घरात ही भूमिका वहिनींच्या वाट्याला आली होती. ‘मामा देवमाणूस, पण बायको मोठी चिवट’ असे गावात बोलत. मीही ते ऐकून हसलो आहे. रात्री अकरापर्यंत ब्लाउज शिवून, साड्यांना फॉल लावून ह्या बाईने एकुलत्या एका मुलीसाठी चाळीस हजार रुपये बँकेत ठेव म्हणून ठेवले होते. मुलीला परिचारिका व्हायचे होते. २०१९ च्या जूनमध्ये ती बारावी झाली, प्रवेश मिळाला आणि पैसे भरायच्या वेळी ती ठेव मोडलेली निघाली.

मामाने ती एका तांड्यावरच्या सात वर्षांच्या मुलासाठी मोडली होती. रक्ताचा कर्करोग. उपचार योजनेत बसला होता. पण मुंबईत चार महिने राहायचे होते, आणि त्या मुलाच्या आईला दुसरे तान्हे मूल होते. ती दोन्ही लेकरे घेऊन मुंबईत राहू शकली ती त्या पैशांवर.

वहिनी एकट्याच एस.टी.ने परभणीला आल्या. दारात उभ्या राहूनच म्हणाल्या, ‘भाऊजी, चाळीस हजार पाहिजेत. त्यांना सांगू नका.’ मी पैसे दिले. पण त्यांना सांगू नका एवढे साधे व्रत मला पाळता आले नाही. मी त्याच रविवारी गंगाखेडला गेलो आणि मामाला त्याच्या दुकानात, दोन गिऱ्हाइकांच्या देखत, नाही नाही ते बोललो. दुसऱ्याच्या कष्टाच्या पैशावर पुण्य करतोस, म्हणालो. स्वतःच्या पोरीचा तोंडचा घास काढतोस, म्हणालो. वीस वर्षे मुलांना बोलायला शिकविणाऱ्या माणसाजवळ शब्दांची काय वाण! मामा पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधीत होता. तो एकदाच म्हणाला, ‘तू दिलेस ना तिला?’ मी म्हटले, ‘दिले. तू उधळलेस म्हणून दिले.’ तो पुन्हा ट्यूबकडे वळला.

आठ महिने आम्ही एकमेकांशी बोललो नाही. ऑक्टोबरमध्ये तो मुलगा गेल्याचे मला तिसऱ्याकडून कळले. मी फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. काय बोलणार होतो? मनाच्या एका कोपऱ्यात, लाज वाटते पण लिहितो, ‘म्हणजे पैसे वायाच गेले’ असेही येऊन गेले.

२०२० च्या फेब्रुवारीत एका संध्याकाळी फोन वाजला. ‘स्टेशनवर हाय. डबा आणतोस का? तिघं जण आहोत, एकाला पेज लागंल.’ मी डबा घेऊन गेलो. त्याने विचारले, पोरे कशी आहेत. मी विचारले, गावाकडे पाऊसपाणी कसे झाले. मित्रांचे समेट असेच होतात; नाटकातल्यासारखे कोणी गळ्यात पडत नाही. गाडीत चढता चढता त्याने एक पाकीट माझ्या हातात दिले. त्यात हजार रुपये होते. ‘चाळीस व्हायचे,’ तो म्हणाला. मी काही म्हणण्याआधीच आत गेला. मग दाराशी परत येऊन, जणू मी काही विचारले होते अशा आवाजात म्हणाला, ‘चार महिने त्याची माय त्याच्याजवळ होती. रात्री हाक मारली की लगेच ओ द्यायची.’

पुढच्याच महिन्यात टाळेबंदी लागली, गाड्या बंद पडल्या. औषधाच्या पाळ्या चुकू लागल्या. जिल्ह्याबाहेर जायला परवाना लागे. ते काढून देत मामा दिवसभर फोनला चिकटून असे. टाळेबंदीचे पाच महिने सोडले तर दर महिन्याला हजाराचे पाकीट येत राहिले. कधी तो स्वतः देई, कधी एस.टी.च्या वाहकाबरोबर धाडी. सदतीस पाकिटे आली.

ऑगस्ट २०२३. त्या महिन्यात पाऊस रुसला होता. सकाळी दुकान उघडून पंक्चरसाठी घमेले भरताना मामा खाली बसला, तो उठला नाही. वय पंचेचाळीस. तिसऱ्या दिवशी आम्ही त्याला घाटावर नेले. आयुष्यभर दुसऱ्यांना ज्या वाटेने सायकलवरून सोडीत आला तीच वाट. पात्रात गुडघ्याएवढे पाणी होते. बरेच आत चालत जावे लागले.

महिन्याभराने वहिनी परभणीला आल्या. ह्या वेळी आत येऊन बसल्या, चहा घेतला आणि पिशवीतून पाकीट काढून माझ्यापुढे ठेवले. तीन हजार.

मी हात मागे घेतला. म्हटले, ‘वहिनी, हे काय! हे मी घेणार नाही.’ ह्या वाक्याबद्दल मला मनातून बरे वाटले होते, हेही नमूद करतो. मामाच्या पंगतीत आपणही एक पान मांडले असे वाटले होते.

वहिनी शांतपणे म्हणाल्या, ‘त्यांनी लोकांकडून परत घेतले नाहीत, त्याचे मोल मी भरले. बावीस वर्षं भरले. त्यांच्याकडं हिशेब नव्हता भाऊजी, माझ्याकडं हाय. आता तुम्ही माझ्यावर उपकार करू नका. मोजून घ्या.’

मी पाकीट उघडून पैसे मोजले. पाचशेच्या सहा नोटा. ‘बरोबर आहेत,’ म्हणालो. त्यांनी मान हलविली. मग म्हणाल्या, ‘गावात त्यांना नाही म्हणणारे आपण दोघंच होतो. तुम्ही त्या एका दिवशी म्हणालात. मी रोज म्हणायचे.’ थोड्या वेळाने त्यांनी पदराने डोळे पुसले. ‘न् रोज डबा बी भरून द्यायचे.’

मुलगी आता परिचारिका झाली आहे. दुकान बंद आहे. फोन मात्र अजून येतात. मामाचा क्रमांक वहिनींनी चालू ठेवला आहे, आणि आताशा त्या पलीकडच्या माणसाला माझा क्रमांक देतात. मला विचारून नव्हे. बहुतेकांना मी फोनवरच सांगतो: काचपट्ट्या घ्या, मेणाचा ठोकळा विसरू नका, शिधापत्रिकेवरचे नाव आधाराशी ताडून पाहा. इतके सांगून फोन ठेवला की आपले काम संपले, असे मी समजतो.

यंदा पोळ्यानंतर पालमकडच्या एका बाईचा फोन आला. नवऱ्याचा जबडा सुजला होता. त्यांच्या घरून कोणी मुंबई पाहिलेली नव्हती. मी आरक्षण करून दिले, कागद तपासले, आणि त्या रात्री फलाटावर डबा घेऊन गेलो. पेज वेगळी बांधली होती. कोणत्या बाजूला उतरायचे, धर्मशाळेचा रस्ता कसा, सकाळी रुग्णालयात प्रथम कोणत्या खिडकीवर उभे राहायचे, ते मी एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून आणले होते. बाईंनी कागद घेतला, उलटसुलट पाहिला नि घडी घालून पिशवीत ठेवला. वाचता येते का, हे मी विचारले नव्हते.

गाडीची घोषणा झाली. मी खिशातून पाच हजार रुपये काढले, तिच्या नवऱ्याच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात घातले आणि मामाची नक्कल केल्यासारखा म्हणालो, ‘हे तुमच्याजवळ राहू द्या. मुंबईच्या गर्दीत माझा खिसा कापला जातो.’

त्या माणसाला बोलायला त्रास होत होता. त्याने एकदा बायकोकडे पाहिले, एकदा माझ्याकडे.

‘पण तुम्ही कुठं यायलात, सर?’ तो म्हणाला.